‘ग्रोम्पर’ : लक्झेंबर्गी भाषेतील बटाट्याचे नाव आणि त्याची कुळकथा

मोझेलकाठ

लक्झेंबर्गमध्ये बटाट्याला ‘ग्रोम्पर’ म्हणतात. हे नाम स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘ग्रोम्परेन’ असे होते. जर्मन शिकून या देशात येणारा माणूस बाजारात ‘कार्टोफेल’ हा शब्द ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने येतो आणि हा भलताच शब्द कानावर पडल्यावर तो फ्रेंच असावा, नाहीतर स्थानिक बोलीतील काहीतरी गमतीचा प्रकार असावा, अशी स्वतःची समजूत करून घेतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. शब्द अस्सल जर्मानिक घराण्यातला आहे, समासाने बनलेला आहे आणि त्याचे दोन्ही घटक आजही लक्झेंबर्गी भाषेत स्वतंत्रपणे वापरले जातात.

‘ग्रोंड’ म्हणजे जमीन आणि ‘बिर’ म्हणजे नासपती. या दोन शब्दांचा ‘जमिनीतली नासपती’ असा समास झाला. प्रमाण जर्मनमध्ये त्याचे लेखी रूप ‘ग्रुंडबिर्ने’ असे होते. बोलताना मधल्या जोडाक्षराची जी झीज झाली, तिच्यातून आजचा शब्द तयार झाला. शब्दाच्या किंवा घटकाच्या शेवटी आलेला ‘ड’ जर्मनप्रमाणे लक्झेंबर्गीतही ‘ट’ असा कठोर उच्चारला जातो. त्या ‘ट’च्या संगतीने पुढचा ‘ब’ कठोर होऊन ‘प’ झाला. मग मधला ‘ट’ गळाला आणि ओठांनी उच्चारायच्या ‘प’ची चाहूल लागताच आधीचा ‘न’ बदलून ‘म’ झाला. ही शेवटची क्रिया आपल्याला नवी नाही. ‘सम्’ हा एकच उपसर्ग ‘संताप’ म्हणताना ‘न्’ होतो आणि ‘संपत्ती’ म्हणताना ‘म्’ राहतो, हे आपण परसवर्णाच्या नियमात शाळेतच शिकलो आहोत. आघात पहिल्या अवयवावर असल्यामुळे दुसऱ्या अवयवातील ‘इ’ क्षीण होत गेली आणि ‘बिर’चे नुसते ‘पर’ उरले.

परिणाम असा की आज लक्झेंबर्गी माणसाला ‘ग्रोम्पर’ म्हणताना नासपती आठवत नाही. ‘माहेर’ म्हणताना आपल्याला तरी ‘मातृगृह’ कुठे आठवते? या शब्दाबद्दल आणि त्याच्या नातेवाइकांबद्दल जाणकारांनी भर घालावी, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

व्युत्पत्तीवेडा

धागा उत्तम आहे, परंतु ‘नासपती’बद्दल मला शंका आहे. जर्मनीच्या फाल्ट्स भागात आणि त्याच्या शेजारच्या झारलँडमध्ये बटाट्याला ‘ग्रुंबेरे’ किंवा ‘ग्रुंबेर’ म्हणतात आणि ते लिहिलेही तसेच जाते. जर्मनमध्ये ‘बेरे’ म्हणजे बोरासारखे छोटे, गरदार फळ. स्ट्रॉबेरीला जर्मनमध्ये ‘एर्डबेरे’ आणि लक्झेंबर्गीमध्ये ‘एअर्डबिअर’ म्हणतात, म्हणजे तिथेही माती अधिक बेरी अशीच रचना आहे. मग ‘ग्रोम्पर’ हीसुद्धा ‘जमिनीतली बेरी’ का असू नये? छोट्या जातीचे बटाटे रोपाच्या मुळाशी घोसाने लागलेले पाहिले तर ‘बेरी’ हे नाव ‘नासपती’पेक्षा अधिक शोभते, असे मला वाटते.

अर्धमात्रा

व्युत्पत्तीवेडा, तुमची शंका रास्त आहे आणि ती फाल्ट्समधील लोकांच्या मनातही असते, कारण ‘ग्रुंबेरे’ हे लेखन पाहणाऱ्याला बेरीकडेच घेऊन जाते. मात्र त्या बोलीत नासपतीलाच ‘बेर’ किंवा ‘बेरे’ म्हणतात. ‘र’च्या आधीची ‘इ’ तिथे खाली घसरून ‘ए’सारखी होते. त्यामुळे ‘ग्रुंबेरे’मधला दुसरा घटक लेखनात बेरीसारखा दिसला तरी कुळाने नासपतीच आहे.

लक्झेंबर्गीत हे प्रकरण आणखी नाजूक आहे, कारण तिथे तीन शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत : ‘बिर’ म्हणजे नासपती, ‘बिअर’ म्हणजे बेरी आणि ‘बेइअर’ म्हणजे आपण ज्याला बिअर म्हणतो ते पेय. परक्या कानाला तिन्ही सारखेच वाटतात. ‘ग्रोम्पर’च्या दुसऱ्या अवयवातील स्वर तर पूर्णच झिजलेला असल्याने केवळ या एका रूपावरून निर्णय करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. म्हणून निर्णय भावंडांवरून करावा लागतो. क्रोएशियन भाषेने हाच शब्द उसना घेऊन ‘क्रुंपिर’ केला आणि त्यात ‘इ’ स्वच्छ टिकून आहे. जिथे स्वर झिजला नाही तिथे तो नासपतीचा आहे, ही साक्ष मला पुरेशी वाटते.

आणखी एक गोष्ट ‘बिर्न’मधल्या ‘न’बद्दल. लॅटिनमध्ये नासपतीच्या फळाला ‘पिरुम’ म्हणत आणि त्याचे अनेकवचन ‘पिरा’. जुन्या जर्मनने हे अनेकवचनी रूपच एकवचनी स्त्रीलिंगी शब्द म्हणून उचलले आणि त्याचे ‘बिरा’ केले. पुढे मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘बिरे’ आणि त्याचे अनेकवचन ‘बिरेन’ किंवा ‘बिर्न’ असे चालत होते. त्या अनेकवचनातला ‘न’ लोकांनी शब्दाचाच भाग समजून टाकला आणि प्रमाण जर्मनमध्ये ‘बिर्ने’ हे एकवचन होऊन बसले. लक्झेंबर्गी ‘बिर’मध्ये हा ‘न’ घुसला नाही. म्हणजे ज्याला लोक ‘मोडके जर्मन’ म्हणतात ते रूपच या बाबतीत अधिक जुने आहे. ‘ग्रोम्पर’च्या एकवचनात ‘न’ का नाही, याचे उत्तरही यातच आहे.

सह्यपुत्र

‘क्रुंपिर’चा उल्लेख वाचून उत्सुकता वाढली. क्रोएशिया कुठे आणि लक्झेंबर्ग कुठे! मधे आख्खा ऑस्ट्रिया आणि जर्मनीचा दक्षिण भाग पडतो. हा शब्द इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला? शिवाय रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनियात जुने ‘सॅक्सन’ लोक राहतात आणि त्यांची बोली लक्झेंबर्गीशी मिळतीजुळती आहे, असे वाचल्याचे आठवते. त्यांनीच हा शब्द पूर्वेकडे नेला असेल का?

मोझेलकाठ

सह्यपुत्र, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कालगणनाच देते. ट्रान्सिल्व्हेनियातील सॅक्सन लोकांचे पूर्वज हंगेरीच्या राजाच्या निमंत्रणावरून 12व्या शतकात ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या परिसरातून तिकडे जाऊ लागले. त्यांची बोली आणि लक्झेंबर्गी यांच्यातील साम्य खरे आहे आणि ते त्या स्थलांतराचेच फळ आहे. परंतु त्या काळी युरोपात बटाटाच नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातून 16व्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांमार्फत युरोपात आला. जी वस्तूच नव्हती तिचे नाव हे लोक गाठोड्यात बांधून नेणार तरी कसे?

पूर्वेकडच्या प्रवासाला योग्य काळ आहे तो 18व्या शतकाचा. तुर्कांकडून जिंकून घेतलेल्या डॅन्यूबकाठच्या ओसाड मुलखात, विशेषतः बानात भागात, हाब्सबुर्ग राज्यकर्त्यांनी जर्मनभाषक शेतकऱ्यांच्या वसाहती वसवल्या. 1720च्या दशकात, मग 1760च्या दशकात आणि पुन्हा 1780च्या दशकात अशा मोठ्या लाटांनी माणसे गेली. त्यांना सरसकट ‘डॅन्यूबचे श्वाबियन’ म्हटले गेले, तरी त्यांत फाल्ट्स, लोरेन आणि लक्झेंबर्ग इथली कुटुंबे भरपूर होती. लक्झेंबर्गसुद्धा 1714 ते 1795 या काळात ऑस्ट्रियन हाब्सबुर्गांच्याच अमलाखाली होते, त्यामुळे हा रस्ता एकाच राजवटीच्या आतला होता. बटाट्याची लागवड शेतकऱ्यांमध्ये रुजण्याचा काळही साधारण हाच. पीक आणि नाव एकाच बैलगाडीतून गेले, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही ‘लक्झेंबर्गी लोकांनी क्रोएशियाला शब्द दिला’ असे विधान मी करणार नाही. ‘ग्रुंडबिर्न’ हे नाव ऱ्हाइनच्या दोन्ही तीरांवर आणि ऑस्ट्रियाच्या पूर्व भागातही बोलले जात होते. क्रोएशियन ‘क्रुंपिर’, सर्बियन आणि स्लोव्हेनियन ‘क्रोम्पिर’ आणि हंगेरियन ‘क्रुम्प्ली’ ही या विस्तृत पट्ट्याची देणी आहेत. ‘ग्रोम्पर’ त्यांचा बाप नव्हे, चुलतभाऊ आहे. सुरुवातीचा ‘ग’ जाऊन ‘क’ आला, कारण दक्षिणेकडील जर्मन बोलींत ‘ग’चा उच्चार इतका अघोष होतो की स्लाव्ह आणि हंगेरियन कानांना तो ‘क’च वाटला.

लक्झेंबर्गच्या अंगणातली उसनवारी पाहायची असेल तर ती पश्चिमेला सापडते. बेल्जियमच्या दक्षिण भागातील वालोन ही फ्रेंचच्या नात्यातली भाषा आहे आणि तिच्या काही भागांत बटाट्याला ‘क्रोंपीर’ म्हणतात. रोमान्स कुळातल्या भाषेने फ्रेंचची ‘पॉम द तेर’ बाजूला ठेवून शेजारच्या जर्मानिक बोलीचा शब्द घ्यावा, ही मला क्रोएशियाच्या उदाहरणाहूनही अधिक बोलकी गोष्ट वाटते. शब्दाची सीमा राज्याच्या किंवा भाषाकुळाच्या सीमेवर थांबली नाही, ती शेताच्या बांधाबांधाने पुढे सरकली.

दुसरी_बाजू

थोडे विषयांतर वाटेल, पण स्लोव्हेनियन भाषेत ‘क्रोम्पिर असणे’ म्हणजे नशीब जोरावर असणे. परीक्षेत अभ्यास केलेला नेमका प्रश्न आला तर तुमच्याकडे ‘क्रोम्पिर’ होता असे म्हणतात. शरद ऋतूतील शाळेच्या सुटीलाही तिथे बोलीत ‘बटाट्याची सुटी’ म्हणतात.

मूळ मुद्द्याकडे येतो. नासपतीच का, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. युरोपीय भाषांनी या नव्या कंदाला नाव देताना मुख्यतः तीन वाटा धरलेल्या दिसतात. पहिली सफरचंदाची : फ्रेंच ‘पॉम द तेर’, डच ‘आर्डापल’, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियातील ‘एर्डाप्फेल’. दुसरी नासपतीची : त्यात ‘ग्रोम्पर’ आणि त्याची भावंडे येतात, पण ती एकटी नाहीत. स्वीडिश भाषेत पूर्वी बटाट्याला ‘यूर्दपेरोन’ म्हणजे ‘मातीतली नासपती’ म्हणत. त्यातली माती गळून उरलेला ‘पेरोन’ फिनिश लोकांनी घेतला आणि त्यांचा ‘पेरुना’ तयार झाला. म्हणजे फिनलंडमधला माणूस रोज जेवणात नावाने नासपतीच खातो. तिसरी वाट कवकाची : इटालियनमध्ये ‘तार्तुफोलो’ म्हणजे जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची महागडी अळिंबी. तिच्यावरून जर्मनचा ‘कार्टोफेल’ आला. पहिल्या ‘त’चा ‘क’ झाला तो दोन ‘त’ जवळजवळ नकोत म्हणून.

सफरचंद हा शब्द जुन्या युरोपीय भाषांत कुठल्याही गोल फळासाठी सैलपणे वापरला जाई, म्हणून ती वाट सोपी होती. नासपती मात्र आकाराने विशिष्ट आहे. लांबट आणि एका टोकाला निमुळत्या कंदांवरून हे नाव पडले असावे, असे मला वाटते.

अर्धमात्रा

‘दुसरी बाजू’ यांच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. जर्मनमध्ये ‘एर्डबिर्ने’ आणि ‘ग्रुंडबिर्ने’ ही नावे बटाट्याबरोबरच टोपिनांबूर या दुसऱ्या एका कंदालाही दिली जात. टोपिनांबूर ही सूर्यफुलाच्या जातीची उत्तर अमेरिकेतील वनस्पती 17व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात आली. तिचे कंद वेडेवाकडे, गाठाळ आणि अनेकदा एका बाजूला निमुळते असतात. त्यामुळे जुन्या दस्तऐवजात ‘जमिनीतली नासपती’ दिसली की तो बटाटाच असे गृहीत धरता येत नाही. संदर्भातून शोध घ्यावा लागतो. बटाट्याने पुढे टोपिनांबूरला शेतातून हुसकावले आणि नावावरही कब्जा केला. आज लक्झेंबर्गीत ‘ग्रोम्पर’ म्हटले की अर्थ एकच, बटाटा.

सफरचंदाची हकीकतही अशीच आहे. न्यूरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमने 1492 साली पूर्ण केलेल्या पृथ्वीगोलाला ‘एर्डाप्फेल’ म्हणतात. तो आज अस्तित्वात असलेल्या सर्वांत जुन्या पृथ्वीगोलांपैकी आहे. त्यावर अमेरिका नाही आणि त्या वेळी जर्मनीत बटाटाही नव्हता. नाव आधीपासून तयार होते, बटाटा त्यात येऊन बसला.

नावाच्या अशा हस्तांतराचे घरचे उदाहरण हवे असेल तर आपला ‘बटाटा’च घ्या. तो पोर्तुगीज ‘बटाटा’वरून आला आणि पोर्तुगिजांकडे तो कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून आला. ताइनो भाषेत त्याचा अर्थ रताळे असा होता. म्हणजे आपण रताळ्याच्या नावाने बटाटा खातो आणि रताळ्यासाठी आपला वेगळा शब्द ठेवतो.

व्युत्पत्तीवेडा

‘बेर’ म्हणजे नासपतीच, हा फाल्ट्स बोलीचा खुलासा पटला नाही असे नाही. तरी बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ हाही शब्दाच्या इतिहासाचाच भाग असतो, हे माझे म्हणणे कायम आहे. जो समाज तीनशे वर्षे ‘ग्रुंबेरे’ म्हणताना बेरी समजतो, त्याच्यासाठी तो बेरीच झाला.

आता ‘ग्रोंड’बद्दल. ‘एर्ड’ म्हणजे माती आणि ‘ग्रोंड’ म्हणजे जमीन, तळ. आपल्याकडे भुईमूग, भुईकोहळा, भुईआवळा या नावांत ‘भुई’ आहे. भुईमुगाची शेंग जमिनीत लागते, भुईकोहळ्याचा कंद जमिनीत असतो, भुईआवळा मात्र जमिनीलगत वाढणारे झुडूप आहे. एकाच ‘भुई’चे दोन अर्थ झाले. लक्झेंबर्गीत ‘एअर्डबिअर’ जमिनीलगत लागते आणि ‘ग्रोम्पर’ जमिनीच्या आत. तिथे दोन अर्थांसाठी दोन शब्द निवडले गेले, हा योगायोग की विचार?

मोझेलकाठ

माझ्या मते योगायोग. ऑस्ट्रियातला ‘एर्डाप्फेल’ हाही जमिनीच्या आतच असतो आणि तरी त्याला ‘एर्ड’ लागला आहे. भुईमुगाची आठवण मात्र चपखल आहे. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतूनच आलेला आणि त्यालाही आपण ओळखीच्या मुगाचे नाव देऊन ‘भुई’ जोडली. परक्या पिकाला घरच्या नावाने हाक मारण्याची ही रीत ऱ्हाइनकाठी आणि कृष्णाकाठी सारखीच चालली.

खमंग_फोडणी

इतका वेळ बटाट्याबद्दल चर्चा चालू आहे आणि खाण्याचा विषय कोणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. लक्झेंबर्गमधील ‘ग्रोम्परेकिशेल्शर’ या पदार्थाबद्दल कोणी सांगेल का? हा शब्द ‘ग्रोम्पर’पासूनच आला असणार, परंतु त्याचे लेखन निरनिराळे दिसते. बटाट्याच्या सॅलडला तर ‘ग्रोम्परेन्झालोट’ असे ‘न’सह लिहिलेले पाहिले आहे. एके ठिकाणी ‘न’ आहे आणि दुसरीकडे नाही, हे कसे?

मोझेलकाठ

पदार्थ सोपा आहे. कच्चा बटाटा किसून त्याचे पाणी घट्ट पिळून काढतात. त्यात बारीक चिरलेला कांदा, पार्सली, अंडे, थोडा मैदा, मीठ आणि मिरपूड घालतात आणि चपट्या वड्या तेलात सोडून तळतात. पाणी नीट पिळले नाही तर वडी तेलात फुटते आणि कडा कुरकुरीत होत नाहीत. सारे कसब त्या पिळण्यातच आहे. सोबत सफरचंद शिजवून केलेला आंबटगोड लगदा देतात. लक्झेंबर्ग शहरात ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत भरणाऱ्या ‘शुएबरफोअर’ या जत्रेत हा पदार्थ हमखास मिळतो. ही जत्रा 1340 साली अंध राजा जॉन याने सुरू केली. अर्थात पहिली काही शतके तिथे ग्रोम्परेकिशेल्शर मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

शब्दाची फोड अशी : ‘कुख’ म्हणजे केक, त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘किशेल्शेन’ आणि त्याचे अनेकवचन ‘किशेल्शर’. म्हणजे ‘बटाट्याचे छोटे केक’. ‘न’चे कोडे मी अर्धमात्रा यांच्यावर सोपवतो.

अर्धमात्रा

हे कोडे लक्झेंबर्गी भाषेच्या सर्वांत प्रसिद्ध नियमाचे आहे. त्याला ‘आयफेलचा नियम’ म्हणतात. शब्दाच्या किंवा समासातील पहिल्या पदाच्या शेवटी असलेला ‘न’ पुढे स्वर आला, किंवा ‘न’, ‘ड’, ‘ट’, ‘ह’ आणि ‘त्स’ असा उच्चार असलेले ‘झेड’ हे अक्षर आले, तर टिकतो. इतर व्यंजनांपूर्वी तो गळतो. बहुतेक शब्दांना हा नियम लागू होतो, काही अपवाद आहेत.

आता ‘ग्रोम्परेन’ हे अनेकवचन घ्या. पुढे ‘किशेल्शर’चा ‘क’ आला, म्हणून ‘न’ गळाला आणि ‘ग्रोम्परेकिशेल्शर’ झाले. सॅलडला लक्झेंबर्गीत जो शब्द आहे तो ‘झेड’ने सुरू होतो, म्हणून तिथे ‘न’ टिकला. त्याचा उच्चार ‘ग्रोम्परेन्त्सालोट’ असा करावा. ‘बटाट्याचे सूप’ या शब्दातही याच कारणाने ‘न’ राहतो आणि ‘बटाट्याची प्युरी’ यात ‘प’पूर्वी तो जातो. विशेष म्हणजे हा नियम केवळ उच्चाराचा नाही, लेखनातही तो पाळावाच लागतो. समासापुरताही तो मर्यादित नाही. ‘बटाटे सोलणे’ म्हणताना ‘सोलणे’ या क्रियापदाच्या सुरुवातीला ‘श’ असल्याने ‘ग्रोम्परे शीलेन’ असे वाक्यातही ‘न’ शिवाय लिहितात. पहिल्या अवयवातील ‘न’चा ‘म’ करून बनलेला हा शब्द शेवटच्या ‘न’बाबतही असा लपंडाव खेळतो.

सह्यपुत्र

एक शेवटची शंका. लक्झेंबर्गी ही स्वतंत्र भाषा की जर्मनची बोली? ‘ग्रोम्पर’ जर झारलँडमध्येही जवळपास तसाच बोलला जातो, तर त्याला ‘लक्झेंबर्गी शब्द’ म्हणण्याला आधार काय?

मोझेलकाठ

हा प्रश्न कोकणी-मराठीच्या वाटेने जाऊ नये, अशी आधीच विनंती करून उत्तर देतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्झेंबर्गी ही मोझेल-फ्रँकोनियन बोलींच्या पट्ट्यातली आहे आणि ट्रियरपासून झारलँडच्या पश्चिमेपर्यंत तिचे सख्खे शेजारी आहेत. तिथे ‘ग्रोम्पर’ची जुळी रूपे ऐकू येतात, हे खरेच आहे. फरक पडला तो दर्जामुळे. 24 फेब्रुवारी 1984च्या कायद्याने लक्झेंबर्गीला राष्ट्रभाषेचे स्थान मिळाले आणि प्रशासनात फ्रेंच व जर्मनबरोबर तिलाही जागा मिळाली. त्याआधी 1950 ते 1977 या काळात तिचा पाच खंडांचा शब्दकोश निघाला होता. आज तिचा सरकारी ऑनलाइन कोशही आहे आणि त्यात ‘ग्रोम्पर’चे लिंग, अनेकवचन आणि उच्चार नोंदलेले आहेत. सीमेपलीकडे हाच शब्द घरगुती बोलीत वापरला जातो, पण शाळेत आणि कागदावर ‘कार्टोफेल’ येतो. लक्झेंबर्गमध्ये तो शब्दलेखनाचे नियम पाळून छापला जातो. दुकानातील पाटीवर मात्र अनेकदा फ्रेंच ‘पॉम द तेर’ असते. पाटी सफरचंद म्हणते, गिऱ्हाईक नासपती मागते आणि पिशवीत पडतो तो बटाटाच.

खमंग_फोडणी

दोघांचेही आभार. उच्चाराबद्दल एवढेच सांगा की शेवटचा ‘र’ स्पष्ट म्हणायचा का?

अर्धमात्रा

म्हणायचा नाही. सुरुवातीचा ‘र’ घशातून येतो, आघात ‘ग्रोम्’वर द्यायचा आणि शेवटचा ‘अर’ जवळजवळ ऱ्हस्व ‘आ’सारखा सोडायचा. म्हणजे कानाला ‘ग्रोम्पा’ असे ऐकू येते. अनेकवचनात मात्र ‘र’ पुन्हा स्पष्ट होतो, कारण त्याच्यापुढे स्वर येतो. ‘किशेल्शर’मधले दोन्ही ‘श’ आपल्या तालव्य ‘श’सारखेच म्हणावेत. जर्मन शिकलेले लोक तिथे ‘इश’ आणि ‘इख’ यांच्या मधला उच्चार करायला धडपडतात. मराठी माणसाला ती अडचण येऊ नये.